बर्फाखालची विहीर

पाऊस किती पडला, हे पर्जन्यमापकाने मोजतात, हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पण ध्रुवीय प्रदेशात बर्फ किती पडला, हे कसे मोजायचे? तिथे वारा इतका जोराचा असतो, की भांड्यातला बर्फ उडून जातो आणि जमिनीवरचा बर्फ भांड्यात येऊन पडतो. म्हणून बर्फात एक काठी रोवतात. काठी आज किती वर आहे आणि वर्षाने किती उरली, यावरून त्या वर्षाचा बर्फ कळतो. पण काठी रोवण्याआधीच्या वर्षांचे काय? त्यासाठी खालीच उतरावे लागते.

असे खाली उतरले जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट सोर्गे. सन 1930 मध्ये आल्फ्रेड वेगेनर यांनी ग्रीनलंडवर मोहीम नेली. खंड सरकतात असे सांगणारे ते हेच वेगेनर. किनाऱ्यापासून सुमारे 400 किलोमीटर आत, 3000 मीटर उंचीवर 'आइसमिटे' हे ठाणे होते. या नावाचा अर्थच 'बर्फाचा मध्य'. ठाण्यासाठी आणलेले घर तिथवर पोहोचलेच नाही. तेव्हा सोर्गे आणि योहानेस गेओर्गी यांनी बर्फातच गुहा खोदली आणि तिच्यात राहू लागले.

30 ऑक्टोबरला वेगेनर दोन सोबत्यांसह तिथे आले. त्यांपैकी फ्रिट्झ लोवे यांच्या पायांची बोटे थंडीने निकामी झाली होती. पुढे गेओर्गी यांनी ती खिशातल्या चाकूने कापली. भूल देण्याचे औषध जवळ नव्हते! लोवे गुहेतच राहिले. वेगेनर आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, 1 नोव्हेंबरला, रासमुस विलुमसेन या ग्रीनलंडच्या तरुणासह परत निघाले. ते दोघे किनाऱ्यावर कधीच पोहोचले नाहीत. ठाण्यावर रेडिओ नव्हता. गुहेतल्या तिघांना ही बातमी कळली ती 1931 च्या मे महिन्यात.

त्या लांब, अंधाऱ्या हिवाळ्यात सोर्गे रोज थोडे थोडे खोदत राहिले. सुमारे 15 मीटर खोल विहीर तयार झाली. तिच्या भिंतीतून ते ठरावीक मापाचे बर्फाचे तुकडे कापून घेत आणि तोलत. तोलायचे कशासाठी, असे तुम्ही विचाराल. पिंजाऱ्याने नुकतीच भरलेली गादी आठवा. ती किती फुगलेली असते! वर्षभर वापरल्यावर ती चपटी होते, पण कापूस तेवढाच असतो. बर्फाचेही तसेच आहे. वरच्या भाराने खालचा बर्फ दबतो, म्हणून नुसती जाडी मोजून भागत नाही.

तोलताना सोर्गे यांच्या लक्षात आले, की उन्हाळ्याचा थर भरड व हलका आहे आणि हिवाळ्याचा घट्ट व जड. असे दोन थर मिळून एक वर्ष झाले. या हिशोबाने त्यांनी मागची सुमारे वीस वर्षे मोजली. तिथे दरवर्षी पडणारा बर्फ वितळवला, तर सुमारे 30 सेंटिमीटर पाणी होईल, असे उत्तर निघाले. साधनांच्या मानाने हे काम मला फार मोठे वाटते.

अंटार्क्टिकावर भारताने 1983-84 मध्ये 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले ठाणे उभारले. तेही हळूहळू बर्फाखाली गाडले गेले आणि 1990 मध्ये सोडावे लागले.

आता उपग्रह लेसर किरणांनी बर्फाची उंची मोजतात. पण उंची कमी झाली ती बर्फ वितळल्यामुळे की दबल्यामुळे, हे नुसत्या उंचीवरून ठरत नाही. म्हणून आजही माणसे तिथे जातात, खड्डा खणतात आणि बर्फाचे तुकडे तोलून पाहतात.