शेव की चुरमुरे?

शाळेतून घरी आल्यावर तुमचा हात प्रथम शेवेच्या डब्याकडे जातो ना? मग आज थोडे गणित करू.

१ ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून किंवा प्रथिनांपासून शरीराला सुमारे ४ उष्मांक, म्हणजे आहारातील कॅलरी, मिळतात. १ ग्रॅम स्निग्ध पदार्थांपासून मात्र ९. शेव तळताना पिठातील पाण्याची वाफ होऊन बाहेर पडते व तेल आत शिरते. म्हणून १०० ग्रॅम शेवेत साधारणपणे ५५० उष्मांक भरतात, तर तेवढ्याच चुरमुऱ्यांत सुमारे ३२५. शिवाय चुरमुरे इतके हलके, की १०० ग्रॅमचा ढीग एका वेळी संपणारही नाही!

मग चटकदार खाणे सोडायचे का? मुळीच नाही. जिभेला हवा असतो खारट-आंबट चटका आणि दातांना कुरकुरीतपणा. चुरमुऱ्यांत कांदा, फुटाणे व लिंबू घाला. वर चमचाभर शेव भुरभुरा. मीठ बेताचेच असू द्या. वाढत्या वयात उष्मांक मोजायचे ते उपाशी राहण्यासाठी नव्हे, निवड करण्यासाठी.

करून पाहा : कोऱ्या कागदावर शेव व साधे चुरमुरे वेगवेगळे चुरडा. तासाभराने कागद उजेडासमोर धरा. कोठून उजेड अधिक आरपार येतो? का?