पेटीत बसलेला डोंगर



कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीने खर्डीला उतरलात आणि त्या वेळी गावात हरिनाम सप्ताह चालू असला, तर कीर्तन कानी पडण्याआधी त्याचा प्रतिध्वनीच कानी पडेल. बुवा एकदा ‘विठ्ठल’ म्हणतात, पण कर्ण्यातून तो शब्द तीन-चार वेळा, क्रमाने मंद होत जाणारा, ऐकू येतो. हा प्रतिध्वनी जवळच्या डोंगरावरून येतो काय? नाही. तो येतो ध्वनिवर्धकवाल्याच्या टेबलावरील एका लहानशा पेटीतून. तिला सगळेजण ‘इको’ म्हणतात. आज या पेटीची ओळख करून घेऊ.

भिंत किती दूर?

हवेत ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समजा, तुमच्यासमोर ५१ मीटरवर शाळेची भिंत आहे. टाळी वाजवली की ध्वनीला जाऊन-येऊन १०२ मीटर अंतर तोडावे लागते; म्हणजे प्रतिध्वनी १०२ ÷ ३४० = ०.३ सेकंदाने येतो. आता हे करण्यास भिंतच हवी असे नाही. मूळ ध्वनी कोठेतरी ०.३ सेकंद अडवून ठेवला आणि मग सोडला, तरी कानाला तेच भासेल.

पूर्वी हे काम चुंबकीय फीत करी. एक शीर्ष ध्वनी नोंदवी, पुढचे शीर्ष तो वाचून दाखवी. फितीचा वेग सेकंदाला १९ सेंटिमीटर आणि दोन शीर्षांतील अंतर ५.७ सेंटिमीटर असेल, तर विलंब किती? ५.७ ÷ १९ = ०.३ सेकंद! हल्लीच्या पेटीत फीत नसते. ती ध्वनीचे, उदाहरणार्थ, सेकंदाला ४८,००० वेळा मोजमाप करून ते आकडे स्मृतीत ठेवते. ०.३ सेकंदासाठी १४,४०० आकडे साठवले की झाली ५१ मीटरवरची भिंत तयार.

मिक्सरला जोडणी

मिक्सरवर प्रत्येक माइकसाठी गुंड्यांची एक उभी रांग असते. त्यातली एक गुंडी त्या माइकच्या आवाजाचा थोडा वाटा बाजूला काढून इको-पेटीकडे पाठवते. मूळ आवाज मात्र सरळ कर्ण्याकडे जातच असतो. म्हणून पेटीतून केवळ प्रतिध्वनी परत यावा, मूळ आवाज येऊ नये, अशी तिची मांडणी करतात. परत आलेला प्रतिध्वनी मिक्सरच्या एका रिकाम्या रांगेत घेतात. या रचनेचा फायदा असा, की एकच पेटी बुवा, टाळकरी आणि पेटीवादक या सर्वांना पुरते, आणि प्रत्येकाला तिचा वाटा कमी-जास्त देता येतो. मृदंगाला तो शून्यही ठेवता येतो.

एक धोका मात्र आहे. प्रतिध्वनी ज्या रांगेत परत येतो, तिचीही इकोची गुंडी चुकून उघडी राहिली तर? प्रतिध्वनी पुन्हा पेटीत शिरेल, पुन्हा बाहेर येईल. प्रत्येक फेरीत तो निम्मा होत असेल, तर १/२, १/४, १/८ असा विरून जाईल. पण प्रत्येक फेरीत तो १.१ पट होत असेल, तर आठ फेऱ्यांत दुपटीहून मोठा होईल आणि मंडपात एकच कल्लोळ माजेल. म्हणून त्या रांगेतील इकोची गुंडी नेहमी शून्यावर!

हरवलेले मूल

काही वर्षांपूर्वी अशाच एका सप्ताहात मी श्रोत्यांत बसलो होतो. एक चुकलेले मूल सापडले होते आणि माइकवरून त्याचे नाव पुन्हापुन्हा पुकारले जात होते. कोणी पुढे येईना. नाव कोणाला कळतच नव्हते! आपण बोलताना सेकंदाला साधारण चार-पाच अक्षरे उच्चारतो. ०.३ सेकंद मागे राहिलेले अक्षर नेमके पुढच्या अक्षरांवर येऊन पडत होते.

मी उठून टेबलाकडे गेलो. “दादा, जरा इको बंद करा,” म्हटले.

“सर, इको नसला की आवाजाला वजन येत नाही,” तो तरुण म्हणाला. पण गुंडी त्याने फिरवली. त्यानंतर नाव एकदाच पुकारावे लागले. मूल शोधत मंडपाच्या दुसऱ्या टोकाला फिरणारी आई धावत आली.

त्या तरुणाचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. उघड्या मैदानात भिंती नसल्याने गाणे कोरडे वाटते. तेथे थोडा प्रतिध्वनी शोभतो. दगडी सभामंडपात मात्र निनाद आधीच असतो, त्यात भर कशाला? अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात १८९५ साली हीच अडचण आली. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या भौतिकीच्या तरुण अध्यापकाने तेथे गाद्या आणून ठेवल्या, निनादाचा काळ मोजला, आणि त्यातून सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला. तेव्हा नियम सोपा: गाण्याला इको बेताने, बोलण्याला जवळजवळ नाही, आणि सूचनेला मुळीच नाही.

करून पाहा

मोठ्या भिंतीसमोर ५१ मीटरवर उभे राहा. दोन टाळ्यांच्या बरोबर मध्ये प्रतिध्वनी येईल अशा लयीत टाळ्या वाजवा. मित्राला २१ टाळ्यांचा, म्हणजे २० अंतरांचा, वेळ मोजू द्या. तो सुमारे १२ सेकंद भरेल. यावरून ध्वनीचा वेग कसा काढाल? आणि हिवाळ्यातल्या गार पहाटे हाच प्रयोग केला, तर वेळ वाढेल की घटेल? कारणासह वहीत लिहा.