वास येतो, हे सांगायचं कुणी?

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागातून पत्र आलंय. ‘आमचे एक सहकारी माणूस म्हणून सज्जन, कामाला वाघ. पण घामाचा वास इतका, की दुपारनंतर शेजारी बसवत नाही. आम्ही रूम फ्रेशनर आणला, त्यांच्यासमोर दोनदा फवारला. तरी त्यांच्या लक्षात येत नाही. सांगावं कसं?’ हाच प्रश्न शिरवळच्या, कऱ्हाडच्या मंडळींकडूनही येतो. फक्त कुठं घामाऐवजी तोंडाचा वास असतो, कुठं पायाचा.

त्यांच्या लक्षात येणारच नाही, हे आधी समजून घ्या. सतत येणाऱ्या वासाची दखल घेणं मेंदू थोड्या वेळात बंद करतो. साखर कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्याला मळीचा वास जाणवत नाही, पाहुण्याला फाट्यावरच जाणवतो, तसंच हे. त्यामुळं फवारा मारणं, खिडक्या उघडणं, टेबलावर साबणाची वडी ठेवणं हे सगळं ‘लेकी बोले सुने लागे’च्या जातीतलं. इथं सुनेला ते लागतच नाही, बाकीचं ऑफिस मात्र तोंड दाबून हसतं. मला विचाराल तर वासापेक्षा हे हसणं वाईट.

आता मूळ कारण. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेत आणि जांघेत वेगळ्या ग्रंथी असतात. त्यांचा दाटसर स्राव कातडीवरचे जीवाणू खातात आणि त्यातून वास तयार होतो. या ग्रंथी वयात आल्यावर कामाला लागतात, म्हणून मैदानावर दिवसभर घामाघूम झालेल्या लहान पोराच्या अंगाला तो उग्र दर्प नसतो. पॉलिस्टरचं कापड सुती कापडापेक्षा हा वास जास्त धरून ठेवतं. सकाळी स्वच्छ अंघोळ केली, पण तोच वास मुरलेला युनिफॉर्म चढवला की पहिल्या चहापर्यंत सगळं जैसे थे. युनिफॉर्मचं कापड ठरवताना ते चुरगळत नाही एवढंच पाहिलं जातं. आत घाम गाळणाऱ्याला कुणी विचारत नाही.

म्हणून ‘अंघोळ करत नसेल’ हा शेरा मारू नका. जत, आटपाडी, माण भागातून पहाटेची एसटी धरून येणाऱ्याच्या घरी उन्हाळ्यात टँकर आला की नाही, हे आपल्याला माहीत नसतं. आणि रोज दोनदा अंघोळ करूनही वास येणारे पेशंट मी पाहतो.

त्यांच्यासाठी उपाय साधे आहेत. काख धुऊन पूर्ण कोरडी करायची, केस बारीक ठेवायचे. बेंझॉइल पेरॉक्साइडचा वॉश डॉक्टरांना विचारून वापरता येतो. कपड्याला लागला तर रंग उडवतो, तेवढं सांभाळा. घाम कमी करणारं ॲल्युमिनियमयुक्त औषध रात्री कोरड्या कातडीवर लावायचं. नुसता डिओ वास झाकतो, घाम थांबवत नाही. जांघेत खाज आणि गोल चट्टे असतील तर तो नायटा. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित मलमानं दोन दिवस बरं वाटतं आणि पुढं तो कंबरभर पसरतो.

दिवसभर सेफ्टी शूज घालणाऱ्यांच्या तळव्यांना कधी टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात आणि मोजे काढले की खोलीत थांबवत नाही. हा जीवाणूंचा आजार आहे. योग्य मलम लावून पाय कोरडे ठेवले की काही आठवड्यांत जातो. तोंडाचा वास पोटातून येतो असं समजून लोक वर्षानुवर्षं चूर्ण खातात. बहुतेकदा तो सुजलेल्या हिरड्यांतून, किडक्या दातांतून आणि जिभेवरच्या थरातून येतो. आपल्याकडं त्यात मिश्रीची भर. भाजलेल्या तंबाखूनं दात स्वच्छ होतात हा गैरसमज अजून कित्येक घरांत आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठं मिळतात ते मी सांगायला नको.

बायकांची एक तक्रार कोणी बोलतच नाही. बाळंतपणानंतर किंवा चाळिशी उलटल्यावर खोकलं, शिंकलं की थेंबभर लघवी गळते, साडीला वास राहतो. त्यासाठी बाई पाणीच पीत नाही. मग लघवी आणखी उग्र होते आणि जंतुसंसर्ग मागं लागतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामानं यातल्या बऱ्याच जणींना फरक पडतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायला लाजू नका.

काही वास मात्र घाई करायला लावणारे. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास, सोबत उलट्या आणि गुंगी असेल तर तडक दवाखाना. तोंडाला अमोनियासारखा वास असेल तर किडनीची तपासणी. रात्री कपडे भिजण्याइतका घाम, ताप, वजन घटणं असेल तर टीबीची. आणि कायम टापटीप राहणारा माणूस अचानक दाढी वाढवून मळके कपडे घालू लागला, तर साबणाआधी त्याच्या मनाची विचारपूस करा.

आता सांगायचं कसं. एकानं सांगावं, तेही ज्याच्याशी त्यांचं डब्यातली भाजी वाटून घेण्याइतकं जमतं त्यानं. बाईला बाईनं सांगावं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की त्याची शिक्षा होते. वेळ सुट्टी व्हायची निवडा. सकाळी सांगितलंत तर माणूस दिवसभर कानकोंडा होऊन बसेल. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. शब्द असे: ‘आप्पा, एक सांगायचंय, राग मानू नका. दुपारनंतर तुमच्या अंगाला घामाचा वास येतो. ज्याचा त्याला तो कळत नाही, म्हणून म्हटलं आपण सांगावं. एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ.’ बस्स. ‘सगळेच म्हणतात’ हे वाक्य खरं असलं तरी गिळून टाका. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच सगळ्यांत बसायचंय. ते गप्प झाले तर गप्प राहू द्या, चिडले तर माफी मागून विषय सोडा. पुन्हा काढू नका.

व्यवस्थापनालाही सांगणं आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातच कामगारांना धुण्या-नाहण्याची पुरेशी सोय आणि कपडे ठेवायला, वाळवायला जागा देण्याची तरतूद होती. फौंड्रीत भट्टीसमोर आठ तास उभ्या राहणाऱ्याला चालू नळ, साबण आणि युनिफॉर्मचा दुसरा जोड मिळत नसेल, तर वासाची तक्रार त्याच्या नावावर टाकू नये.

सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात किंवा साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जाऊन दाखवता येईल. सांगणाऱ्यानं अर्धा दिवस रजा टाकून सोबत जावं. केसपेपरच्या रांगेत एकट्यानं उभं राहायला अशा तक्रारीसाठी फार जड जातं.