हीट पंपाआधी पाइपांचं बघा

नाशिकमध्ये बंगल्यांचं आणि रो-हाउसचं प्लंबिंग करताना गेल्या काही वर्षांत हीट पंपावर चालणारे वॉटर हीटर बसवायची कामं माझ्याकडे वाढत गेली. गिऱ्हाईक विचारतं ते विजेचं. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही, खालचं पाणी वर आणते; हीट पंपही तसाच हवेतली उष्णता उचलून पाण्यात आणून सोडतो. २०० लिटर पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला साध्या गिझरला साधारण ७ युनिट लागतात, हीट पंपाला अडीचच्या आसपास. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत थोडी जास्त. ही बचत खरी आहे. मात्र ती न्हाणीपर्यंत पोचते की वाटेतच गळते, हे पाइपांवर ठरतं, आणि पाइपांबद्दल फार थोडे जण विचारतात. त्यांच्यासाठी हे चार अनुभवाचे बोल.

१. आधी वजन, मग जागा. भरलेली २०० लिटरची टाकी २५० किलोच्या पुढे जाते. चार इंची भिंतीवर किंवा बाल्कनीच्या पुढे आलेल्या स्लॅबवर ती ठेवू नका. खाली बीम कुठे आहे ते बघा. बऱ्याच टाक्यांचा अ‍ॅनोड रॉड वरून काढावा लागतो, म्हणून डोक्यावर तेवढी मोकळी जागा हवी. यंत्र थंड हवा बाहेर टाकतं. बंद कोपऱ्यात तीच हवा पुन्हा आत ओढली गेली, तर पाणी तापायला उशीर लागतो आणि वीजही जास्त जाते.

२. गरम आणि थंड पाण्याचा दाब सारखा ठेवा. सगळ्यात जास्त तक्रारी मला इथल्याच येतात. पाण्याला १० मीटर उंचीमागे साधारण १ बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्यावरच्या शॉवरपासून जेमतेम ३ मीटर उंच असेल, तर दाब ०.३ बार. एवढ्यावर मोठा शॉवर चालत नाही, म्हणून लोक प्रेशर पंप बसवतात. तो बसतो थंड पाण्याच्या लाइनवर, आणि हीटरला पाणी मात्र टाकीतून वेगळ्या पाइपने आलेलं असतं. मग मिक्सर उघडला की २ बारचं थंड पाणी ०.३ बारच्या गरम पाण्याला मागे रेटतं. कंपनीचा माणूस येतो, टाकीत ५५ अंश दाखवतो आणि जातो. यंत्र निर्दोष असतं, तरी घरातले गार पाण्यानेच आंघोळ करतात. उपाय एकच: प्रेशर पंप आधी, त्यानंतर टी, आणि तिथून एक फाटा हीटरला, एक थंड लाइनला.

याच जातीचा दुसरा त्रास हँड शॉवरचा. मिक्सर उघडा ठेवून फक्त हातातलं बटण बंद केलं, की आतल्या आत गरम-थंड लाइन एक होतात आणि शेजारच्या न्हाणीत कोमट पाणी यायला लागतं. दोन्ही फाट्यांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असला की हे थांबतं.

३. पाणी तापलं की वाढतं, त्याला वाट द्या. २५ वरून ६० अंशांवर जाताना २०० लिटरचं पाणी पावणेतीन लिटरच्या आसपास वाढतं. गच्चीच्या टाकीतून उतारावर थेट पाणी येत असेल, तर वाढलेलं पाणी त्याच पाइपने मागे सरकतं. प्रेशर पंप आणि हीटरच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आला की ती वाट बंद होते. तेव्हा त्या व्हॉल्व्हच्या आणि टाकीच्या मध्ये एक्सपान्शन व्हेसल बसवावंच लागतं. नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्ह रोज ठिबकतो, आणि कुणीतरी कंटाळून त्याच्या तोंडाला बूच मारतं. असं बूच मी पाहिलं आहे. त्या घरात मी हीटर बंद करून आधी ते काढलं, बाकीचं बोलणं नंतर. आत दाब साठलेली टाकी फुटली तर माणसं जातात. सेफ्टी व्हॉल्व्हच्या पाइपवर कॉक नको, त्याचा व्यास कुठे कमी व्हायला नको, तोंड खाली जमिनीजवळ आणि डोळ्यांना दिसेल असं हवं. टाकी बिनदाबाची असेल, तर तिचा एअर व्हेंट गच्चीच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर आणि कायम उघडा.

४. यंत्राचं स्वतःचं पाणी. एसीसारखंच हीट पंपातूनही पाणी गळतं. पावसाळ्याच्या दमट हवेत ते इतकं येतं की बादली ठेवून भागत नाही. त्याला वेगळा पाइप द्या, मीटरला किमान १ सेंटिमीटर उतार ठेवा आणि नहाणी ट्रॅपमध्ये सोडा. ट्रॅपशिवाय ड्रेनेजला जोडलात तर वास उलटा येतो. गच्चीवर तसंच सोडलंत तर शेवाळ धरतं, आणि कोब्यात कुठे चीर असली की पुढच्या वर्षी खालच्या खोलीत ओल दिसते.

५. पाइप कोणता? गरम पाण्याला सीपीव्हीसी चालतो, साधा यूपीव्हीसी चालत नाही. सीपीव्हीसीची १० मीटर सरळ लाइन ४० अंश तापली की २७ मिलिमीटरच्या आसपास लांबते, म्हणून मध्ये लूप ठेवा आणि क्लॅम्प पाइपला आवळून धरणारे नसावेत. हीटरच्या तोंडाशी पहिला तुकडा धातूचा घ्या. जीआय आणि तांबं थेट जोडू नका, जीआय लवकर गंजतं. काळं नायट्राइलचं वेष्टण उन्हात तडकतं. गच्चीवर त्यावर अ‍ॅल्युमिनियमचं आवरण हवंच.

६. लांबची न्हाणी. पाऊण इंची पाइपमध्ये मीटरला पाव लिटर पाणी मावतं. १२ मीटरवरच्या नळातून दर वेळी आधी ३ लिटर गार पाणी येतं, आणि तेवढंच तापलेलं पाणी नंतर पाइपमध्ये निवून जातं. यंत्र न्हाण्यांच्या जवळ आणा. ते जमत नसेल तर रिटर्न लाइन आणि छोटा पंप बसवा, पण टायमरवर. दिवसभर फिरवत ठेवलं तर वाचवलेली वीज तिथेच खर्च होते.

७. टाकीत ६० अंश, नळाला ४५. कोमट साठ्यात लिजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो, त्यामुळे टाकी वेळोवेळी ६० अंशांवर नेणं गरजेचं. पण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, आणि आपल्याकडे अजून घरोघरी बादलीत आधी गरम पाणीच सोडलं जातं. टाकीतून बाहेर पडतानाच मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवा. तो आपोआप विसण घालतो. घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर या खर्चावर मी घासाघीस करू देत नाही.

८. बोअरचं आणि टँकरचं पाणी. क्षार टाकीच्या तळाशी बसतात. तळाला ड्रेन कॉक, दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह आणि युनियन, एवढं असलं की पाइप न कापता टाकी धुता येते. पाणी फारच जड असेल तर आधी सॉफ्टनर बसवा.

आता एक विनंती. न्हाणीला फरशी लागायच्या आधी लाइनला दाब देऊन टेस्ट करून घ्या, आणि भिंतीतल्या प्रत्येक पाइपचा, शेजारी टेप धरून, फोटो काढा. तो फोटो यंत्राच्या वॉरंटी कार्डासोबत ठेवा. पाच वर्षांनी तुमच्याकडे येणारा प्लंबर कदाचित मी नसेन, पण त्याला तो लागेल.