वाढत्या मुलाबरोबर एक दिवस

लहान मूल बोट धरून येते; वाढता मुलगा बोलावल्यावर येईलच असे नाही, आणि आला तरी त्याचे मन मागे राहते. अशा वेळी आईबापांनी कसे वागावे, हा ह्या पाठाचा विषय आहे. तो मला माझ्याच चुकीने शिकविला, म्हणून ती चूक आधी सांगतो.

गेल्या सुटीत आम्ही मुंबईस नातलगांकडे उतरलो होतो. एके सकाळी मी ठरविले की, भायखळ्याची राणीची बाग पाहावयास जावयाचे. १८६२ साली लोकांस खुली झालेली ही बाग आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान ह्या नावाने ओळखली जाते. धाकटी मुलगी हर्षाने नाचू लागली. पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बाबा, मी येत नाही. मामांच्या मुलांबरोबर क्रिकेट खेळावयाचे कबूल केले आहे." मी म्हणालो, "सर्व निघाले आहेत, मुकाट्याने चल."

तो मुकाट्यानेच आला. गाडीत बोलला नाही. आम्ही प्राणी पाहत असता तो दूर झाडाखाली उभा राही. आईने पाणी पुढे केले, तेही त्याने घेतले नाही. माझा राग वाढत चालला.

शेवटी आम्ही पेंग्विन पक्ष्यांच्या घरात शिरलो. २०१७ सालापासून ते तेथे लोकांस पाहावयास मिळतात. मी धाकटीस ऐटीने सांगितले, "हे बर्फातले पक्षी, म्हणून येथे एवढे गार ठेवतात." तोच मागून आवाज आला, "नाही बाबा. हे हम्बोल्ट पेंग्विन. हे पेरू आणि चिली देशांच्या किनाऱ्यावर राहतात. तेथे बर्फ नसतो."

लोक वळून पाहू लागले. मुलाने चारचौघांत बापाची चूक काढली! कठोर शब्द माझ्या ओठांवर आला होता. परंतु सकाळपासून तो प्रथमच बोलत होता, हे माझ्या ध्यानात आले. मी विचारले, "मग ते घरटी कोठे करतात?"

तेव्हा त्याची वाणी मोकळी झाली. त्या किनाऱ्यावर पाऊस फार थोडा. म्हणून समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थर साचतात, आणि त्यांत बिळे करून हे पक्षी अंडी घालतात. एकोणिसाव्या शतकात माणसांनी खतासाठी ते थर खणून जहाजांनी दूरदेशी नेले, आणि पक्ष्यांची घरट्यांची जागा गेली. "आपण शेतात घालतो तसले खत, बाबा, पण त्यांचे ते घर होते." नर व मादी आळीपाळीने सुमारे ४० दिवस अंडी उबवितात, हेही त्याने सांगितले. त्यावर त्याची आई मला म्हणाली, "ऐकलेत ना? आळीपाळीने!" तेव्हा तोही हसला.

ह्यावरून तीन गोष्टी घ्याव्या.

१. बेत करण्यापूर्वी मुलास विचारावे. कित्येक गोष्टी बापानेच ठरवावयाच्या असतात. परंतु ठरविणे निराळे आणि न विचारणे निराळे.

२. रुसवा म्हणजे उद्धटपणा असे लगेच मानू नये. माझ्या मुलाने दिलेला शब्द माझ्यामुळे मोडला होता. त्याचे दुःख खरे होते.

३. त्याच्यापाशी जे ज्ञान आहे, ते त्यास मागावे. मुलाकडून शिकल्याने बापाचा मान जात नाही.

सायंकाळी परतलो तेव्हा खेळ संपला होता. मी मामांच्या मुलांस सांगितले, "ह्याचा दोष नाही; मीच ह्यास ओढून नेले." मुलगा काही बोलला नाही, पण रात्री जेवावयास माझ्या शेजारी येऊन बसला.

घरी विचारावयाचे प्रश्न:
१. मुलांस न विचारता आपण गेल्या महिन्यात काय काय ठरविले?
२. मुलाने आपली चूक दाखविली, तेव्हा आपण काय उत्तर दिले?
३. आपल्या मुलास असे काय ठाऊक आहे, जे आपणांस ठाऊक नाही?