जुन्या छोट्या गाडीचा विमा : हप्ता किती आणि कशाचा?
(ऊस विकास अधिकारी यांजकडून)



बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, खोडव्याची निगा हे या पानावरचे आपले नेहमीचे विषय. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. उसाचे बिल जमा झाले की अलीकडे गावोगाव जुन्या छोट्या मोटारी येऊ लागल्या आहेत. मोटारसायकलवर तिघांनी बसून दवाखाना गाठण्यापेक्षा ही गोष्ट केव्हाही चांगली. गाडी घेताना आपली माणसे इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर बघतात, वाकून खालचा गंज बघतात, ओळखीचा मिस्त्री बरोबर नेतात. विम्याचा कागद मात्र "आहे ना? मग झालं" म्हणून घडी करून खणात टाकला जातो. नंतर तोच कागद घेऊन सभासद आमच्या गट ऑफिसात येतात आणि विचारतात, "साहेब, गाडी दोन लाखाची अन् हप्ता एवढा कसा?"

प्रश्न रास्त आहे. उसाच्या बिलाची हिशेबपट्टी आपण कपातीसह ओळ न् ओळ वाचतो. विम्याच्या कागदावरही तशाच ओळी असतात, त्या सुट्या करून बघितल्या की उलगडा होतो.

पहिली ओळ तिऱ्हाइताच्या नुकसानीची, म्हणजे ज्याला सगळे 'थर्ड पार्टी' म्हणतात ती. आपल्या गाडीने दुसऱ्या कुणाला इजा झाली, कुणी दगावले, कुणाची मालमत्ता मोडली, तर त्याची भरपाई या ओळीतून होते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६ प्रमाणे एवढा विमा नसताना गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. आणली आणि सापडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. या ओळीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांत खाजगी मोटारीला १,००० सीसीपर्यंत वर्षाला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहेत. वर शेकडा १८ जी.एस.टी.

या दरात गाडीचे वय कुठेच नाही, किंमतही नाही. दहा वर्षांची गाडी असो की नवी कोरी, माणसाला धडक बसली तर इजा सारखीच. म्हणून "गाडी जुनी, मग हप्ता कमी का नाही?" याचे अर्धे उत्तर इथेच मिळते. फरक पडतो तो सीसीने. एकाच नावाची वॅगन-आर ९९८ सीसीत आहे आणि १,१९७ सीसीतही आहे. दुसरी घेतली तर या एका ओळीत दरसाल १,३२२ रुपये जादा जातात. आर.सी. बुकावर सीसी लिहिलेली असते, सौद्याआधी बघावी.

दुसरी ओळ आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची. अपघात, चोरी, आग, पूर हे सगळे हिच्यात येते. इथे मात्र किंमत आणि वय मोजले जाते. कागदावर 'आय.डी.व्ही.' म्हणून आकडा असतो, ती गाडीची विम्यापुरती ठरलेली किंमत. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घसारा वजा होतो. एक ते दोन वर्षांच्या गाडीला शेकडा २०, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांपुढे कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. या ओळीचा दर १ जानेवारी २००७ पासून मोकळा झालेला आहे, म्हणून एकाच गाडीला दोन कंपन्यांकडून वेगवेगळे आकडे येतात. दोन-तीन ठिकाणी विचारायला लाजू नये. खताच्या पोत्याला आपण चार दुकाने फिरतोच की.

तिसरी ओळ मालकाच्या स्वतःच्या अपघाताची, १५ लाख रुपयांच्या संरक्षणाची. हप्ता काही शे रुपयांचा असतो. पण हे संरक्षण ज्याच्या नावावर गाडी आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे, त्यालाच. आपल्याकडे गाडी आजोबांच्या नावावर अन् चालवणारा नातू, असे सर्रास असते. तिथे नातवाला या ओळीतून काही मिळत नाही. अशा घरी गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर घेतलेली बरी.

आता हिशेब मांडू. १,००० सीसीच्या आतली सहा वर्षांची गाडी, ठरलेली किंमत २,००,००० रुपये. स्वतःच्या नुकसानीचा दर हिशेबापुरता शेकडा ३ धरू, म्हणजे ६,००० झाले. त्यात थर्ड पार्टीचे २,०९४ मिळवले की ८,०९४. जी.एस.टी. धरून ९,५५१ रुपये. तिसरी ओळ वेगळी.

इथे विकणारा म्हणतो, "मी तर सहा हजारच भरत होतो." तो खोटे बोलत नाही. त्याने पाच वर्षे एकही क्लेम घेतलेला नसतो, म्हणून त्याला 'नो क्लेम बोनस' म्हणून शेकडा ५० सूट असते. ही सूट पहिल्या बिनक्लेम वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्यानंतर ५० अशी चढते. ती फक्त दुसऱ्या ओळीवर मिळते. ६,००० चे त्याला ३,००० पडले, थर्ड पार्टीसह ५,०९४, जी.एस.टी. धरून ६,०११ रुपये. पण ही सूट गाडीची नव्हे, माणसाची. गाडी विकली तरी सूट विकणाऱ्याकडे राहते. त्याने कंपनीकडून तसे पत्र घेतले तर तीन वर्षांच्या आत दुसऱ्या मोटारीला ती लावता येते. घेणाऱ्याला ती मिळत नाही. घेणाऱ्याने आपली जुनी मोटार विकून स्वतःची सूट कमावलेली असेल, तर ती चालते. मोटारसायकलवर मिळवलेली मोटारीला चालत नाही.

म्हणूनच मधल्या काळात पॉलिसी आपल्या नावावर करताना कंपनी उरलेल्या महिन्यांची सूट परत मागते. वरच्या उदाहरणात आठ महिने उरले असतील तर ३,००० च्या हिशेबाने २,००० आणि कर ३६०, असे २,३६० रुपये भरावे लागतात. सौद्याच्या वेळी "विमा आठ महिने चालू आहे" असे सांगून विकणारा किंमत चढवतो, त्यातून हे २,३६० मनातल्या मनात वजा करावेत. आणखी एक गोष्ट : पुढच्या वर्षी एखादा एजंट "तीच सूट चालू ठेवू" म्हणाला तर ऐकू नये. क्लेमच्या वेळी कंपनी आधीच्या कंपनीकडे चौकशी करते. खोटी सूट घेतलेली निघाली तर दावा नाकारला जाण्यापर्यंत वेळ येते.

नाव बदलणे

सगळ्यांत जास्त घरे इथे फसतात, म्हणून याला जास्त जागा देतो आहे.

आपल्या कारखान्यात उसाची नोंद ज्याच्या नावावर, बिल त्याच्या खात्यावर. ऊस कोणी वाढवला, पाणी कोणी पाजले हे कागद विचारत नाही. गाडीचेही तसेच. कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडीबरोबर विम्याचे प्रमाणपत्रही नव्या मालकाकडे गेले असे मानले जाते, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून नाव बदलून घ्यायचे असते. पुष्कळ लोक पहिला भाग ऐकतात अन् दुसरा सोडून देतात. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, हे आपोआप जाणे तिऱ्हाइताच्या नुकसानीपुरतेच आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा करार नाव बदलल्याशिवाय नव्या मालकाकडे येत नाही.

समजा, कार्तिकात गाडी घेतली, पैसे दिले, 'नाव सावकाश करू' म्हणून राहिले. पौषात रात्रीच्या वेळी बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळली. गाळपाच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर हे नवे नाही. बॉनेट, रेडिएटर, काच गेली. विकणाऱ्याला क्लेम मागता येत नाही, कारण गाडी त्याची राहिली नाही. घेणाऱ्याशी कंपनीचा करार नाही. पूर्ण विमा चालू आहे, हप्ता पुरा भरलेला आहे, आणि दुरुस्तीचा एक रुपया कुणालाच मिळत नाही.

विकणाऱ्या सभासदांनीही हे वाचावे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आर.टी.ओ.च्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. त्या खटल्यात गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर आली. गाडी दिली, पैसे घेतले, मोकळे झालो, असे होत नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. नुसत्या कोऱ्या सह्या करून दलालाच्या हातात देऊ नयेत.

गाडी तीन वर्षांच्या आतली असेल तर आणखी एक खाचखळगा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा मात्र बहुधा एकेक वर्षाचा असतो. कागदावर पुढची लांबची तारीख बघून आपण निर्धास्त होतो, आणि दुसरी ओळ कधीच संपलेली असते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या वाचाव्यात.

नुसता थर्ड पार्टी घेतला तर?

वरच्या उदाहरणात तो २,४७१ रुपयांत येतो. म्हणजे ७,०८० रुपये वाचतात. साठ-सत्तर हजारांची, बारा-पंधरा वर्षांची गाडी असेल तर हा विचार अगदी चुकीचा नाही. गाडी गेली तर गेली, असे म्हणणारेही आहेत. पण हिशेब गाडीपाशी संपत नाही. थर्ड पार्टी विम्यात रस्त्यावरचा माणूस येतो. गाडीत बसलेली आपली आई, बायको, पोरे, लग्नाला निघालेले पाव्हणे हे खाजगी मोटारीच्या त्या विम्यात येत नाहीत. पूर्ण, म्हणजे 'पॅकेज' पॉलिसीत येतात. हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालातही मांडलेला आहे. म्हणजे ते ७,०८० रुपये नुसते पत्र्याचे नव्हेत, माणसांचेही आहेत. माझे मत विचाराल तर, ज्या गाडीतून घरची माणसे फिरतात तिला पूर्ण विमाच असावा.

हप्ता कमी करण्यासाठी ठरलेली किंमत खाली ओढण्याचीही एक रीत आहे. दोन लाखांची दीड लाख दाखवली की करासह १,७७० रुपये वाचतात. गाडी चोरीला गेली की ५०,००० रुपये कमी मिळतात. ज्याने त्याने बघावे.

पूर्ण विमा आहे म्हणजे दुरुस्तीचे सगळे पैसे मिळतात, असेही नाही. सात वर्षांच्या गाडीला प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर निम्मा आणि लोखंडी भागांवर शेकडा ४० घसारा कापतात. काचेवर कापत नाहीत. बंपर ४,०००, बॉनेट १०,००० आणि मजुरी ४,००० असे १८,००० चे बिल झाले, तर अनुक्रमे २,०००, ६,००० आणि ४,००० मान्य होतात. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे पहिले १,००० रुपये मालकाचे. हातात ११,००० येतात. आणि क्लेम घेतला की साठलेली सूट शून्यावर जाते. त्यामुळे दोन-तीन हजारांच्या ओरखड्यासाठी कंपनीकडे धावण्यात अर्थ नाही. खिशातून करावे.

खाजगी गाडी वडापला लावणाऱ्यांनी तर हप्त्याचा हिशेबच करू नये. भाडे घेऊन माणसे वाहिली की पॉलिसीची अट मोडते. गॅसचे किट बसवलेले असेल तर ते आर.सी.वर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे नोंदलेले हवे. विमा संपून ९० दिवस उलटले तर सूटही जाते. शिवाय खंड पडलेल्या गाडीची तपासणी झाल्याशिवाय कंपनी पूर्ण विमा देत नाही.

सौद्याआधी विम्याची मुदत एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर घालून बघता येते. घरच्या शिकलेल्या पोराला सांगावे, पाच मिनिटांचे काम आहे. पॉलिसी नावावर करण्यासाठी कंपनीकडे साधा अर्ज, चालू पॉलिसी, विकणाऱ्याच्या सहीचा फॉर्म २९, आर.सी.ची प्रत आणि सूटफरकाची रक्कम लागते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, कारण ते १४ दिवस मोजायची वेळ आली की हीच तारीख विचारतात.