सावली, ऊन आणि मुलांची हाडे

मुलांची हाडे बळकट होण्यास कॅल्शियम लागते. आहारातील कॅल्शियम आतड्यांतून रक्तात शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्वाची आवश्यकता असते. ते अपुरे पडल्यास वाढत्या वयातील हाडे मऊ राहतात व शरीराच्या भाराने वाकतात. या विकारास मुडदूस म्हणतात.

अंड्याचा बलक व काही मासे वगळता नेहमीच्या अन्नात हे जीवनसत्त्व फारच थोडे असते. ते मुख्यतः उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते. मग आपल्या उन्हाळी मुलुखात त्याची उणीव कशी भासावी? मुंबई इलाख्यातील मुलांविषयी हचिसन व शाह यांनी 1922 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचा उलगडा सापडतो. चांगले अन्न मिळूनही पडद्याआड वाढणाऱ्या मुलांत मुडदूस आढळला. साध्या अन्नावर राहून उघड्यावर वावरणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो दिसला नाही. गावात ऊन असणे निराळे आणि ते मुलाच्या अंगावर पडणे निराळे. 2016 ते 2018 या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात ही उणीव 5 ते 9 वयाच्या मुलांत शेकडा 18, तर 10 ते 19 वयोगटात शेकडा 24 आढळली.

सकाळचे कोवळे ऊन उत्तम, असा समज सर्वत्र आहे. परंतु सूर्य क्षितिजालगत असताना उपयुक्त किरण जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. खिडकीच्या काचेतूनही ते येत नाहीत. यासाठी सोपी कसोटी अशी : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाचे ऊन उपयोगी.

शहादा तालुक्यातील लोणखेड्यासारख्या गावी हा पाठ अंगणातच घेता येईल. मुलांनी जोडीने एकमेकांची उंची व सावली दोरीने मोजावी आणि महिनावार नोंद ठेवावी. येथे सूर्य साडेबाराच्या सुमारास माथ्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस त्या वेळीही सावली जवळजवळ उंचीइतकीच भरते. म्हणून हिवाळ्यात मधल्या सुट्टीतील खेळ उघड्यावर व्हावा. एप्रिलमध्ये साडेनऊच्या सुमारासच सावली उंचीइतकी होते. तेव्हा भर दुपारी मुलांना उन्हात ठेवण्याचे कारण नाही. उष्माघाताचे भय मोठे आहे.

उन्हाबरोबर अन्नही हवे. दूध व नागली यांतून कॅल्शियम मिळते, हे पालकसभेत सांगावे.

औषधाविषयी मात्र सावध राहावे. तान्ह्या मुलास दररोज 400 एकके व शाळकरी मुलास 600 एकके ड जीवनसत्त्व पुरते. बाजारातील एका पुडीत बहुधा 60,000 एकके असतात. म्हणजे ती शंभर दिवसांची गरज झाली. अशी पुडी रोज दिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास अपाय होतो. म्हणून मात्रा वैद्यकीय अधिकाऱ्यानेच ठरवावी.

दोन वर्षांपर्यंत पायांचा थोडा बाक स्वाभाविक असतो. शाळेत येणाऱ्या मुलाचे पाय वाकलेले असतील, गुडघे एकमेकांस घासत असतील, मनगटे रुंद दिसत असतील किंवा पाय सतत दुखत असतील, तर शिक्षकांनी त्याचे नाव नोंदवून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास दाखवावे. पथकाची फेरी लांबणीवर असल्यास पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. वाढीच्या वयात उपचार झाल्यास हाडे पुष्कळ अंशी सुधारतात. उशीर झाल्यास बाक जन्मभर राहू शकतो. अशा मुलास सोबती ‘फेंगडा’ म्हणून हाक मारतात. ती हाक शिक्षकाच्या कानी पडताच चेष्टा थांबवावी आणि त्याच दिवशी त्या मुलाची नोंद करावी.